होल्यानं पसंत केलेलं घर

तुकिरान घर बघायला निघाला की बायको मागं राहायची आणि होला बरोबर यायचा. माझ्या मोटरसायकलवर मागं बसायचा तो. मांडीवर वेताचा पिंजरा, पिंजऱ्यावर जुन्या बाटिकची खोळ, खोळीच्या आत होला. रस्त्यात खड्डा लागला की माझ्या पाठीत कोपर बसायचं. स्वतः आदळला तर त्याचं काही नव्हतं, पक्षी आदळता कामा नये.

तो माझ्याच गावचा, वोनोगिरीच्या चुनखडीच्या डोंगरातला. तिथल्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि माणूसही ठरत नाही, म्हणून आमचा निम्मा गाव जकार्ताच्या आसपास पांगलाय. मी बोजोंग गडे स्टेशनाबाहेर बक्सोचा गाडा लावतो. मांसाचे गोळे वळून वळून माझ्या हाताचा आकारच गोल झालाय. तुकिरान शहरात एका मोठ्या कचेरीत चहा-कॉफी करायचा. साहेबलोक यायच्या आत तो तिथं हजर पाहिजे, आणि शेवटचा साहेब गेल्यावर कप विसळून मग मोकळा. इतक्या वर्षांत नोकरीबद्दल त्याच्या तोंडून कुरकुर अशी मी एकदाच ऐकली. म्हणाला, "लोकास्नी गरम पाजता पाजता आपला च्या कायम गारच पडतो बग."

बायको लास्मिनी. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला 'यू', म्हणजे ताई, म्हणायचो, आणि तुकिरानला 'कांग', म्हणजे दादा. शहरातच, मांगाराईच्या एका गल्लीत दोघं भाड्यानं राहायची. यू सकाळी पेचेल विकायची, म्हणजे उकडलेला पाला आणि त्यावर शेंगदाण्याची तिखट-गोड चटणी. तिची टोपली दारात टेकली की गल्लीतल्या बायका पानं घेऊन यायच्या आणि पान चाटूनपुसून झालं तरी उठायच्या नाहीत. कुणाची सून पळाली, कुणाचा नवरा परतला, सगळं त्या टोपलीभोवती. लेक लग्न होऊन सोलोला गेल्यापासून यूचं सगळं गोत म्हणजे ती टोपली.

मग घरमालकानं अख्खी गल्लीच विकली. तिथं उंच इमारत होणार होती. कुणी भावाकडे गेलं, कुणी गावाला. तुकिरानला कचेरीनं घरासाठी कर्ज द्यायचं कबूल केलं, पण एकदाच. म्हणजे एकदा घेतलं की मरेपर्यंत तेच घर. शहरात तर जागेला हात लावायची सोय नाही, तेव्हा बाहेरच्या अंगाला, जिथून रोज ये-जा करता येईल असं काहीतरी बघायचं.

आता माणूस अशा वेळी काय बघतो? स्टेशन किती लांब, पाणी तुंबतं का, बाजार कुठं. तुकिरान होला बघायचा.

आमच्याकडं जुनी माणसं सांगायची, पुरुषाला पुरुष कधी म्हणावं? घर, बायको, घोडा, कट्यार आणि पिंजऱ्यात पक्षी, एवढं असेल तेव्हा. तुकिरानकडं घोडा कधी नव्हता. कट्यार सासऱ्यानं दिलेली ती पोरीच्या लग्नात गेली. घर भाड्याचं. राहिली बायको आणि होला, आणि त्यातही पहिला मान कुणाचा ते विचारू नका, असं यू म्हणायची. होल्याचं नाव सबर. तो ज्या जागेत घुमेल ती जागा माणसाला लाभते, हे वोनोगिरीत शेंबडं पोरही सांगेल. तुकिरानच्या बापानं असंच होला टांगून घर धरलं होतं.

पहिल्यांदा आम्ही बकासीला गेलो. घर चांगलं होतं, मी असतो तर तिथल्या तिथं विसार दिला असता. स्टेशन हाकेच्या अंतरावर, पुढं मशीद, कोपऱ्यावर केळ्याची भजी तळणारी बाई. तुकिराननं पिंजरा वळचणीला टांगला, खोळ काढली आणि उकिडवा बसला. सबर पिसं फुगवून दगडासारखा बसून राहिला. दलालाची चुळबुळ सुरू झाली. त्यानं विचारलं, काका, तुम्ही पक्ष्याला घर दाखवताय का घराला पक्षी? तुकिरान म्हणाला, "दिसभर घरात त्योच ऱ्हाणार हाय. मी न्हवं." आणि खोळ घालून उठला.

तांगेरांगला डोक्यावरून विमान गेलं तसा सबर पिंजऱ्यात आपटायला लागला, तेव्हा तिथं बसायचीही गरज पडली नाही.

मग परुंग पांजांग. तिथं भातखाचराच्या कडेला नवी घरं बांधलेली, एका रांगेत, एका रंगाची, पत्त्यातल्या पानांसारखी. तुकिराननं पिंजरा टांगला. खोळ पुरती निघाली नसेल, सबरनं मान खाली घातली आणि घुमायला लागला. एकदा, परत, परत. थांबेना. तुकिरानचं तोंड वरातीतल्या नवऱ्यासारखं झालं.

मी म्हणालो, कांग, स्टेशन लांब हाय. पहिल्या बांगेच्या आधी निघावं लागंल. तो म्हणाला, झोप गाडीत घीन. मी म्हणालो, निम्म्या घरांना कुलपं हायत, हितं माणूस दिसंना. तो म्हणाला, मग बरंच हाय की. त्याचे डोळे पिंजऱ्यावर होते आणि कानात माझं काही जात नव्हतं.

विसार द्यायच्या आधी बायकोला एकदा दाखवायचं म्हणून पुढच्या रविवारी यूलाही नेली. ती छोट्या गाड्या बदलत बदलत आली, आम्ही मोटरसायकलवर. होला आमच्याबरोबर, हे सांगायला नको. यूनं नळ सोडून बघितला, भिंतीवर थाप मारली, मागच्या दारी उभी राहून भाताकडं बघितलं. शेजारच्या घरातल्या बाईनं पडदा सारून बघितलं आणि परत ओढून घेतला. बस्स, एवढीच काय ती माणसाची चाहूल.

वर सबरचं घुमणं चालू. यूनं पायरीवर बसून केळीच्या पानातली पेचेल सोडली, आम्हा दोघांपुढं ठेवली. तुकिरान खाता खाता बोटानं पिंजऱ्याकडं दाखवून हसत होता, जणू स्वतःच गातोय.

यूनं विचारलं, "मांगाराईत ह्यो कधी घुमतो?"

"तितं कुटला घुमतोय? कालवा केवडा. वर्सातनं कवातरी."

"तुमी कचेरीत असता. मी घरात असते. मी बाजाराला गेले की घुमतो. वाण्याची बायको सांगती मला. मी आले, टोपली टेकली, बायका बोलाय लागल्या की गप."

"मग?"

यूनं हात पानाला पुसला. "मग काय. त्यो घुमत न्हाई, हाका मारतोय. हितं कुनी न्हाई म्हनून मारतोय. तुमी पहाटं जानार, अंधार पडल्यावर येनार. दिसभर आमी दोगं हाका मारत बसू. त्यो वर, मी खाली."

तुकिराननं पान टाकलं, हात धुतले आणि खोळ घातली. घुमणं बंद झालं तशी ती घरांची रांग एवढी शांत झाली, की मलाच खाकरावंसं वाटलं. दलालाला त्यानं नंतर कळवतो एवढंच सांगितलं. येताना रस्त्याला खड्डे तेवढेच होते, पण माझ्या पाठीत कोपर एकदाही बसलं नाही.

आमच्या गावचा माणूस रागावला की भांडत नाही, जेवण नेमकं करतो. यू सांगायची, त्या आठवड्यात तो भात दुसऱ्यांदा मागेना आणि होल्यापुढं बसून त्याच्याशीही बोलेना. दोष कुणाला द्यावा हे ठरत नसावं. बापानं होला टांगून घेतलेलं घर खरं धरावं, तर बायको खोटी. बायको खरी धरावी, तर बापाचं घर काय होतं? आणि खरं सांगायचं तर बापाच्या त्या घरात आई एकटीच असायची. बाप तेव्हा सुराबायाच्या गोदीत हमाली करायचा, सणाला यायचा. ती आठवण त्याला कुणी करून दिली नाही. त्याची त्यालाच आली असणार, कारण शुक्रवारी रात्री कचेरी सुटल्यावर तो माझ्या गाड्यावर आला, वाटीभर बक्सो संपवला आणि म्हणाला, "पार्मिन, रविवारी गाडी पायजे. मी आगगाडीनं येतो. तू तिला घे. टोपलीसकट."

"आन् होला?"

"होला ठिऊन बगितला. आता टोपली ठिऊन बगू."

कशावर तरी पारखल्याशिवाय त्याला चैनच नाही, नुसती पारख बदलली.

तर असं आम्ही घर बघायला लागलो. डेपोकला एका वसाहतीच्या फाटकावर राखणदारानं टोपलीला आतच सोडलं नाही. यू म्हणाली, बरं झालं, येरवाळी कळलं. चितायामला एका गल्लीत टोपली टेकली. माणसं सभ्य. आली, घेतलं, छान आहे म्हणाली, दारं लावून आत गेली. माल बघता बघता संपला. तुकिरान खूष. यूनं रिकामी टोपली काखेत घेतली आणि म्हणाली, "खपली समदी. पर बसलं कोन न्हाई."

शेवटची जागा मी गाडा लावतो तिथंच, बोजोंग गडेत, स्टेशनामागं. जुन्या फळबागा तोडून झालेली वाकडी गल्ली, एक रांबुतानचं झाड तेवढं वाचलेलं. विकायचं घर त्या झाडाला लागून. छप्पर ठेंगणं, दारात गटार, दुपारचं ऊन थेट आत. शेजारीण साओदा, मूळची तिथलीच, एकेकाळी त्या सगळ्या बागा त्यांच्या. आमची बोली डोंगरातली, जड. आम्ही शिवीसुद्धा गुळात घोळून देतो. तिची बोली शहराच्या कडेची, फटकळ.

यूनं पान पुढं केलं. साओदानं उभ्याउभ्या घास घेतला, तोंड वाकडं केलं. "मध्य जावाची ना तू? कळतंय. गुळाचा हात तुम्हाला आवरत नाही. ही चटणी आहे का मिठाई?"

"तुमच्याकडं मीठ वाहून जातंया वाटतं," यू म्हणाली. "जिभंला आनि काय लागंना झालंय."

साओदा मग आत गेली. मला वाटलं संपलं. ती बाहेर आली ती प्लॅस्टिकचं स्टूल आणि मूठभर हिरव्या मिरच्या घेऊन. स्टूल टोपलीपुढं ठेवलं, बसली, आणि मिरच्या यूच्या खलात टाकून म्हणाली, कुट, मी दाखवते. पलीकडची एक म्हातारी आली ती साओदाच्या विरुद्ध बोलायला. तिसरी आली ती दोघींचं चुकतंय हे सांगायला. चटणीवरून त्या साओदाच्या मेलेल्या सासूपर्यंत पोचल्या. टोपलीत पाला तसाच राहिला, विक्री काही झाली नाही.

तुकिरान रांबुतानखाली उभा राहून सगळं बघत होता. त्यानं साओदाला विचारलं, हितं पाणी चढतं का?

"येतं की. पायरीपर्यंत. वर यायला लाजतं."

तुकिरान गटाराकडं बघत राहिला, मग त्या ठेंगण्या छपराकडं. वळचणीचा जो खिळा होता, पिंजरा टांगायला बरा, त्याच्यावर त्याची नजर जरा अडकली. मग यूकडं बघितलं. ती हसत नव्हती, भांडत होती, आणि हात चालवत होती, जशी मांगाराईत असायची. तो म्हणाला, "पार्मिन, विसार कुनाला द्यायचा?"

राहायला गेले त्या दिवशी सबरला त्याच खिळ्याला टांगला. तो घुमला नाही. दुसऱ्या महिन्यात नाही, पुढच्या ईदपर्यंत नाही. आमच्या गावची माणसं भेटली की टोमणे मारायची, तुझ्या होल्याला घर पसंत नाही वाटतं. तुकिरान म्हणायचा, त्याला इचारलंच न्हाई. पण कचेरीतून आला की हातपाय धुण्याआधी पिंजऱ्याखाली जरा उभा राहायचा, कान देऊन. एवढ्या वर्षांची सवय ती, एका टोपलीनं कशी जाईल?

गेल्या साली लेकीच्या बाळंतपणाला यू सोलोला गेली. रविवारी मी कालवणाचा डबा घेऊन त्याच्याकडं गेलो, तर गल्लीच्या तोंडापासून ऐकू आलं. सबर घुमत होता. मान खाली, परत, परत. तुकिरान पायरीवर बसलेला, शेजारी चहाचा पेला, वर साय धरलेली.

मी म्हणालो, "कांग, घुमला की रं."

"सकाळधरनं," तो म्हणाला. चेहऱ्यावर वरात नव्हती.

भिंतीपलीकडून साओदा ओरडली, "तुकिरानभाऊ, ते पाखरू बायकोच्या नावानं बोंबलतंय. तुम्हाला तोंड नाही म्हणून त्याला ओरडावं लागतंय. आमची डोकी उठली."

तुकिराननं चहाचा पेला बाजूला सारला. मग उठला, पिंजरा खिळ्यावरून काढला, खोळ न घालता तसाच हातात धरून साओदाच्या ओसरीत गेला. तिथं चार बायका घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. त्यानं पिंजरा त्यांच्या डोक्यावर टांगला. सबरनं आणखी एकदा हाक दिली, अर्धीच, आणि खालचा कालवा ऐकत गप झाला.

साओदानं तुकिरानपुढं शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं आणि स्टूलही. तो बसला. तिच्या सुनेनं चहा आणला, वाफाळता. शेंगा मोडायच्या आधी त्यानं तो पिऊन घेतला.