मामाच्या जागी सुपारी

आमच्या मिलिटरीला बसलेलं कुणी बघितलंच नव्हतं. मिलिटरी म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा, पण फौजेत गेला तेव्हापासून ठाण्यात आमच्या आळीत सगळे त्याला मिलिटरीच म्हणायचे. जेवायचं तर ताट हातात घेऊन दारात उभा, बोलायचं तर एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आई म्हणायची, "अरे, मांडी घालून खा की जरा." तर म्हणायचा, "आये, बसलो की बूड जड होतं, मग उठवत नाय." माझं पोर झोपलंय तोवर सांगते, ते उठलं की राहून जाईल, आणि मला काय नीट मांडून सांगता येत नाय, चौथीत शाळा सुटली माझी.

बाबा मिठागरात कामाला, दादापण तिथंच वाढला, पायाला कायम भेगा. तिथनं उठला आणि भरती झाला, आणि देश स्वतंत्र झाला त्याच्यामागोमाग काश्मिराकडं लढाई लागली तर त्याला तिकडं धाडला. लढाईचं तो काय सांगायचा नाय. सोबतचं कोण गेलं, कोण राहिलं, विचारलं की तोंड फिरवायचा. एकच गोष्ट सांगायचा, परत परत. पहिल्यांदा बर्फ बघितला तेव्हा त्याला वाटलं मिठाची रास, मिठागरातलंच पोर ते, हात घातला आणि जिभेवर ठेवला. "बेचव गं बाय! सगळाच्या सगळा डोंगर अळणी." सुभेदार ओरडला म्हणे, खातोस काय, तर हा म्हणतो, साब, मीठ पिकलं का बघतोय.

माझं लग्न झालं तेव्हा तो तिकडंच होता. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, तो मान भावाचा, आणि भाऊ तर डोंगरात. घरचं माणूस हजर नसलं की त्याच्या जागी सुपारी मांडतात, तशी आईनं पाटावर दादाची सुपारी मांडली आणि कान चुलतभावानं पिळला. पुढं दादाला रजा मिळाली तसा तो ठाण्याला न उतरता सरळ कल्याणला आमच्या दारात आला, खांद्यावरची वळकटी पण खाली ठेवली नाय, आणि आमच्या ह्यांचा कान धरला. "भावजी, माझी कानपिळी राहिलीय." हे ओरडतायत, "अहो सोडा, लोक बघतात!" "बघू दे की. सुपारीला काय बोटं असतात?" माझ्या सासूबाई हसून हसून खाली बसल्या. पाणी प्यायला तेसुद्धा उभ्यानं, आणि गेला.

पुढच्या खेपेला आला तो बसलेलाच. टांग्यातनं दोघांनी धरून उतरवला. तिकडं थंडीत छाती धरली, लष्करी दवाखान्यात ठेवला, मग घरी पाठवला. "गोळी चुकवली गं, थंडी चुकवायची राहिली," एवढंच बोलला आणि खोकत बसला. टेंभी नाक्याकडच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, क्षय आहे, कप वेगळा, ताट वेगळं, लहान पोर जवळ आणायचं नाय. माझं पोर तेव्हा अंगावर पिणारं. मला डॉक्टरांचं बाकी काय कळलंच नाय, लहान पोर एवढंच ऐकलं.

आणि त्यातच जावळ आलं, ते ठाण्याला माझ्या माहेरीच करायचं. पोराचे पहिले केस काढायचे ते मामाच्या मांडीवर, आणि मामा एकच. आई म्हणाली, "मांडीवर घेतल्यानं काय होतंय, तोंडावर फडकं बांधंल तो. मामा जिता असताना दुसऱ्याच्या मांडीवर बसवू? लोक काय म्हणतील?" न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसलेला. बाबा खाली बघत होते. माझे हात पोराभोवती असे घट्ट झाले की ते रडायलाच लागलं.

दादा अंगणाच्या पार त्या टोकाला, कुडाला टेकून. तो म्हणाला, "आये, सुपारी मांड."

"जित्या माणसाची? समोर बसलाय त्याची? जीभ झडो तुझी!"

"बायच्या लग्नात मांडलीस तेव्हा काय मी मेलेलो? ड्यूटीवर होतो. आता पण ड्यूटीवरच हाय समज."

आई रडायला लागली. मग बाबाच उठले, डब्यातनं सुपारी काढली, पाटावर तांदूळ पसरून त्यावर ठेवली. पोर माझ्याच मांडीवर. वस्तरा लागला तसं ते किंचाळलं, तर दादा तिथनं ओरडतोय, "ए जवान! रोता है क्या? लेफ्ट राइट, लेफ्ट राइट!" बसल्या बसल्या पाय आपटत होता. पोर त्याच्याकडं बघत राहिलं आणि अर्धं डोकं भादरलेलं, तसंच खुदकन हसलं. दादापण हसला, हसता हसता ठसका लागला आणि त्यानं तोंड कुडाकडं फिरवलं. जावळ होईपर्यंत ते इकडं वळवलं नाय.

आम्ही निघालो तेव्हा तो लांबनंच म्हणाला, "बाय, ह्याला मीठ चाखायला शिकव, फसायला नको." मी पोराला पदरात झाकून टांग्यात बसले.

तो गेल्याचा निरोप कल्याणला आला तेव्हा पोर सकाळपासून तापलं होतं. हे ठाण्याला धावले. मीपण उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "असलं पोर घेऊन कुठं जातेस?" आणि मी खाली बसले. दादा गेला हे ऐकू आलं होतं, पण आत काय उतरत नव्हतं, मी पोराच्या छातीला कान लावून बसलेले, खोकतंय का, घरघर आहे का. सासूबाईंनीच आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. ते नळी लावून ऐकत राहिले, पुढनं, पाठीमागनं. तिकडं तेव्हा दादाला उचलला असंल. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, तोंड उघडा बघू.

मग म्हणाले, अहो, पहिला दात येतोय.

मी बोट घातलं. खरंच, खालच्या हिरडीला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. सासूबाई पटकन उठल्या, फळीवरनं साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं. मग माझ्याकडं बघितलं आणि झाकण लावून डबा परत वर ठेवला. मी बोट तसंच ठेवलं होतं. पोर ते चावत होतं.