सात बारीक वलयं

बासू उ-हम्मूच्या पायांना सकाळपासून थारा नव्हता. तीस वर्षं अ‍ॅटलस डोंगरातल्या देवदारांची राखण केलेला हा म्हातारा पुदिन्याच्या चहाचा पेला हातात धरून नुसता येरझारा घालत होता. चहा कधीच निवला होता.

कारण लुबना. राबात शहरातून आलेली ही संशोधक झाडाला पोकळ गिरमिट लावायची, पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढायची आणि तिच्यावरची वलयं बघून कुठल्या वर्षी थंडी किती होती ते सांगायची. वलय जितकं बारीक, तितकी थंडी कडक. झाडं दाखवायचं काम बासूचं. चढ सोपा म्हणून त्यानं वाटेवरची बारा झाडं दाखवली, आणि बाराही झाडांत एकाच जागी सात बारीक वलयं निघाली.

"बासूकाका, सलग सात वर्षं असली थंडी कुणाच्याच नोंदीत नाही," लुबना म्हणाली. "छापून येऊ दे, मग बघा."

बासू कसंनुसं हसला. थंडी सात वर्षांची नव्हतीच, एका हिवाळ्याची होती. छातीएवढं बर्फ पडलं, चारा संपला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या बासूनं ह्याच झाडांवर चढून फांद्या छाटल्या आणि मेंढरांपुढे टाकल्या. बोडकं केलेलं झाड पुढची सात वर्षं वाढणार कसं?

बोलावं तर पंचाईत. पुढं वनरक्षक झाल्यावर ह्याच बासूनं फांदी तोडणाऱ्या एकाचीही गय केली नव्हती. सामान वाहायला खेचर घेऊन आलेला झैद समोरच बसला होता. असल्याच एका हिवाळ्यात तो मेंढरांसाठी फांद्या तोडत होता, तेव्हा बासूनं त्याची कुऱ्हाड जप्त केली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बासूनं मनाला दहादा बजावलं. मन ऐकेना.

"बस की जरा," झैद म्हणाला. "मुंग्या चावतायत का?"

लुबना काड्या डब्यात भरायला लागली, तसा बासूचा जीव वरखाली होऊ लागला. पोर चांगली होती, आणि आपल्यामुळं ती खोटी थंडी पदरात बांधून चालली होती.

"लुबनाबाई, थांबा." त्यानं तिला झाडापाशी नेलं आणि सालीखालची जुनी थोटकं दाखवली. "ही थंडी नव्हे. कुऱ्हाड आहे. माझी. मेंढरांसाठी छाटली होती मी."

लुबनाचा चेहरा पडला. "तीन दिवस गेले, काका. आधी का नाही बोललात?" मग तिनं विचारलं, "न छाटलेली झाडं आहेत कुठं?"

"पिराच्या कबरीपाशी. तिथं हात लावायची कुणाची छाती नाही."

ती डबा रिकामा करायला गेली. झैद उठून खेचराचा पट्टा आवळू लागला.

"त्या साली तुझी मेंढरं जगली?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"जगली."

"सगळी?"

"सगळी."

झैदनं गाठ मारली, ओढून पाहिली.

"कुऱ्हाड नेलीस त्या साली माझं एकसुद्धा नाही जगलं," तो म्हणाला.