पिशव्या राखणाऱ्या बाई

"असू दे की," असं म्हणत बाई हातातली वस्तू पिशवीत टाकायच्या. आभाळात ढग नसताना छत्री. असू दे की. वाढदिवसाच्या केकवरची अर्धी जळालेली मेणबत्ती. असू दे की. सुतळीचा तुकडा, सुटं बटण, कुणाच्या तरी डब्याचं झाकण. खांद्यावर ती भली मोठी कापडी पिशवी घेऊन बाई शाळेच्या फाटकातून एका बाजूला कलून आत यायच्या. पिशवी खाली ठेवली तरी थोडा वेळ तशाच कललेल्या राहायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही शाळेत किंवा ऑफिसात असेल. आपण तिला हसतो आणि अडलं की पहिली तिच्याकडेच धावतो. आमच्या हेडमास्तरांच्या चष्म्याची काडी एकदा भाषणाच्या तोंडावर निखळली. बाईंनी पिशवीतून दोरा काढून ती बांधून दिली. कानाशी दोऱ्याची गाठ मिरवत सर स्वच्छतेवर बोलले.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आमची प्राथमिक शाळा. मी तिसरीला शिकवते, बाई बालवाडीला शिकवायच्या. राहायच्याही आमच्याच गल्लीत, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. गाव करमाळ्याकडचं. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच "लई", "हितं", "न्हाय" सुरू. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहिलं बघ ते तसंच."

जुने शिक्षक सांगतात, आधी बाईंकडे एवढीशी पर्स असायची. पिशवी आली ती मनूबरोबर. मनू ही त्यांच्या भावाची मुलगी. भाऊ पुण्यात कंपनीत नोकरीला. मनू काही महिन्यांची असताना तिची आई गेली आणि भावानं पोरीला बहिणीच्या मांडीवर आणून ठेवलं. "थोडे दिवस," म्हणाला होता. मग दुधाची बाटली आली, लंगोट आले, गरम पाण्याचा थर्मास आला, आणि ते सगळं मावेल अशी पिशवी आली. बाटली आणि लंगोट गेले. त्यांच्या जागी दुसरं काहीतरी येत राहिलं.

मनू बालवाडी संपवून पहिलीत जायची झाली, तेव्हा भावानं दुसरं लग्न केलं. एका दुपारी बाई स्टाफरूममध्ये रंगीत खडू निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मनू जूनपासून पुण्याला. तितल्या शाळेत नाव घातलंय तिचं." बाईंनी पिवळे खडू एकीकडे केले आणि म्हणाल्या, "चांगलंच हाय की. बाप हाय तिचा."

त्याच उन्हाळ्यात थीम पार्कचं निघालं. खोपोलीकडच्या एका पार्कची जाहिरात टीव्हीवर लागायची आणि मनू जेवता जेवता उठून पडद्याला नाक लावायची. बाईंनी कधीतरी तिला शब्द दिला होता. आता शब्द पाळायला तेवढा एक मे महिनाच उरला होता. एकट्या जायला बाई धजेनात, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको आणि आमची मुलगी सोबत निघालो.

अट मनूनं घातली. त्याआधी शाळेच्या सहलीला आम्ही गावाजवळच्या एका बागेत गेलो होतो. तिथं दिवसभर बाई झाडाखाली बसून होत्या आणि त्यांच्याभोवती आम्हा सगळ्यांच्या पिशव्यांचा ढीग. "बाई आहेत ना," म्हणत प्रत्येकजण आपली टाकून जात होता. घसरगुंडीवरून मनूनं हाका मारल्या, पण त्यांना उठता येईना. परतीच्या बसमध्ये ती फुरंगटून म्हणाली, "आत्या, तू खेळतच न्हाईस. नुसत्या पिशव्या राखतीस."

म्हणून थीम पार्कला मोठी पिशवी न्यायची नाही, असं ठरलं. मनूच्या शाळेच्या दप्तरात मावेल तेवढंच न्यायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर पलंगावर सामान पसरलेलं आणि मनू न्यायाधीशासारखी उशीवर बसलेली. बाई एकेक वस्तू उचलायच्या आणि तिच्याकडे बघायच्या.

"चादर?"

"नको."

"अगं, थंडी वाजंल."

"आत्या, मे महिना हाय."

जाडजूड सोलापुरी चादर परत कपाटात गेली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी बाद केली, कारण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. फक्त रेल्वेपुरता डबा ठेवला. टॉवेलाऐवजी एक जुनं सुती पातळ घेतलं. तेच अंग पुसायला, तेच पांघरायला, तेच कपडे बदलताना आडोशाला. मनूचे दोन जोड, पाण्यात घालायचे कपडे, मागून पट्टा असलेल्या चपला, पाण्याची बाटली. बाईंनी स्वतःसाठी एक पंजाबी ड्रेस घेतला होता. तो त्यांनी घडी करून तळाशी असा सरकवला, की मला दिसू नये.

औषधांची डबी मात्र त्यांच्या हातातून सुटेना. आत पट्टी, मलम, ओव्याची पुडी, काय काय. "एवढी असू दे की," म्हणाल्या. मनूनं दप्तराची चेन लावून दाखवली. डबीसकट लागत नव्हती, डबीशिवाय लागत होती. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी डबी फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं पुणं, तिथं एका लॉजवर मुक्काम, आणि सकाळच्या बसनं पार्क. फाटकावरच्या रखवालदारानं दप्तर उघडलं आणि विचारलं, "बास? लेकरू घेऊन एवढंच?" बाई लाजल्या. ते दप्तर आम्ही आमच्या सामानाबरोबर लॉकरमध्ये टाकलं. बाई पंजाबी ड्रेसमध्ये मोकळ्या उभ्या राहिल्या. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी मागे धरायच्या, कधी ओढणी पिळत बसायच्या.

गंमत म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरच काहीतरी लिहिलेलं असावं. पहिल्याच पाळण्यापाशी एक अनोळखी बाई आली आणि "ताई, जरा लक्ष ठेवता?" म्हणत भलीमोठी बॅग त्यांच्या पायाशी ठेवू लागली. बाई "असू दे" म्हणणार, एवढ्यात मनू मध्ये उभी राहिली. "आत्या राखणार न्हाई. आत्याला बसायचंय."

आणि बाई बसल्या. मोठ्या पाळण्यांच्या उंचीच्या पट्टीला मनूचं डोकं लागत नव्हतं, म्हणून लहान मुलांचेच पाळणे. पण लाकडी घोड्यावर, गोल फिरणाऱ्या कपात, पाण्यात आपटणाऱ्या होडीत, सगळीकडे बाई. होडी वरून सुटली तेव्हा त्यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून माझा नवरा म्हणाला, "बालवाडीतला आवाज आहे, लांबपर्यंत जातो." ओल्या केसांनी, चिकटलेल्या कपड्यांनी त्या खाली उतरल्या आणि मनूच्या आधी त्यांनीच विचारलं, "परत जायाचं का?"

दुपारनंतर मनू ओल्या फरशीवर धावताना पडली. गुडघा खरचटला, रक्त आलं. ती भोकाड पसरून रडायला लागली. बाईंचा हात सवयीनं खांद्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. मग त्यांनी ड्रेसचे खिसे चाचपले, माझ्याकडे पाहिलं. माझीही पर्स लॉकरमध्ये. "न्हाय गं माझ्याकडं काही," त्या मनूला म्हणाल्या, "काहीच न्हाय बघ माझ्याकडं." त्यांचा आवाज मनूपेक्षा रडवेला होता. माझा नवरा पट्टी शोधायला धावला. बाईंनी नुसती ओंजळीतल्या पाण्यानं जखम धुतली आणि त्यावर तळहात धरून बसल्या.

नवरा पट्टी घेऊन आला तोवर मनूचं रडणं थांबलं होतं. समोर कुणीतरी अस्वलाचा वेष घालून नाचत होतं. ते बघत ती उठली आणि माझ्या मुलीचा हात धरून लंगडत तिकडे गेलीसुद्धा.

बाई तिथंच फरशीवर बसून राहिल्या. मी शेजारी बसले. तिकडेच बघत म्हणाल्या, "थांबली की गं रडायची. मी काय दिलं न्हाय तरी थांबली."

"लहान मुलं अशीच असतात, बाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हंजे तितंबी थांबंल."

मनू लांबून हात हलवत होती. बाईंनीही हात वर केला, आणि तो वरच राहिला, मनूचं लक्ष दुसरीकडे गेलं तरी.

जूनच्या सुरुवातीला भाऊ गाडी घेऊन आला. नवी वहिनी बरोबर होती. चांगली होती ती, खरंच. मनूशी खाली बसून बोलली. जाताना तिनं विचारलं, "वन्सं, हिला काय आवडतं, काय नाही, मला सांगून ठेवा ना." मी दारातच होते. मला वाटलं, आता बाई तासभर सांगतील. भाताला वरून तूप नको, शेपू डोळे मिटून खाते, ताप चढला की पाय थंड पडतात. बाई म्हणाल्या, "सगळं खाते ती. तुझ्या हातचंबी खाईल." मनू गाडीच्या खिडकीतून ओरडून काहीतरी सांगत होती, पण काच वर होती.

त्यानंतर बाई रोज शाळेत येत होत्या. फोनवर मनू दिसायची, आधी रोज, मग रविवारी, मग आठवण झाली की. बाई ते आनंदानंच सांगायच्या. "विसरली काल. मैत्रिणी झाल्यात तिला." संध्याकाळी मात्र आमच्याकडे दह्याचं भांडं यायचं. रोज. शेवटी मी विचारलं, एवढं दही कशाला लावता? तर म्हणाल्या, "मनूचं दूध अजून चालूच हाय. बंद कर म्हटलं तर तो गवळी का म्हणून विचारंल. मग त्याला सांगत बसायचं." आम्ही वर्षभर ते दही खाल्लं. चांगलं लागायचं, घट्ट.

पुढच्या उन्हाळ्यात मनू दोन दिवस आली होती. उंच झाली होती, शहरी बोलत होती. तिनं बाईंना "आत्या, तुम्ही" म्हटलं. बाई हसल्या. त्याच वर्षी संस्थेच्या करमाळ्याकडच्या शाळेत जागा निघाली आणि बाईंनी बदली मागून घेतली. गाव धरणाच्या पाण्याकाठी, आई थकलेली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. एका रविवारी सकाळी टेम्पो आला, थोडं सामान चढलं. मी गच्चीवरून खाली येईपर्यंत टेम्पो वळणावर गेला होता. अधूनमधून फोन होतो. "बरं हाय," म्हणतात, आणि माझ्या मुलीचं विचारतात.

त्यांच्या खोल्यांत आता एक नवं जोडपं राहतं. परवा त्यातली मुलगी मला हाक मारून आत घेऊन गेली. मोरीजवळच्या भिंतीत कुणीतरी एक लहानसा आरसा सिमेंटनं पक्का बसवलाय, निघता निघत नाही. तो माझ्या कमरेच्याही खाली येत होता.

"इथं आधी राहायच्या त्या बाई फार बुटक्या होत्या का हो?" तिनं हसत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चांगल्या उंच होत्या."