सपोर्टचं वाक्य

आमच्या इंग्रजीच्या सरांना कुठंही नमस्कार करा, उत्तर एकच मिळायचं: "वाक्य कर." पाथर्डीच्या स्टँडवर, आठवडे बाजारात, एकदा तर माझ्या चुलत्याच्या दहाव्याला. कावळा शिवायची वाट बघत लोक हात जोडून उभे, आणि हे माझ्या कानाशी, "सपोर्ट. वाक्य कर." असा संताप यायचा म्हणून सांगू!

'सपोर्ट'वर त्यांचा विशेष जीव. तो एक शब्द त्यांनी आम्हाला अख्खी नववी पुरवला. "नुसतं 'आधार देणे' लिहून सुटाल, तर मार्क न्हाई," म्हणायचे. खांब पत्र्याला सपोर्ट करतो. आई मजुरी करून घराला सपोर्ट करते. पुरावा म्हणण्याला सपोर्ट करतो. हरणाऱ्या टीमला सपोर्ट करतो तो आमचा गण्या. एकच वाक्य दोनदा आलं की वही खिडकीतून बाहेर. आम्ही त्यांना 'वाक्यसर' म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही, हा आणखी वैताग.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या दारात ऊसतोडीचा ट्रॅक्टर लागला. आई-आबा दरवर्षी कोयत्यावर जायचे, मी आजीपाशी राहायचे. त्या वर्षी आजी नव्हती. "एकटी पोर मागं कशी ठिवायची?" म्हणत आबांनी माझी वळकटी ट्रॉलीत टाकली. दहावी बुडाली म्हणून मी पायरीवर रडत बसले होते, तेवढ्यात सर सायकलवरून आले. वाटलं, आता आबांना चार शब्द सुनावतील. कसलं काय! माझ्याकडं बघून म्हणाले, "सपोर्ट. वाक्य कर."

डोक्यात तिडीक गेली. ओरडलेच, "माय फादर सपोर्ट्स माय एज्युकेशन!"

"काय म्हणली?" आबांनी विचारलं.

"तूच सांग त्यांना," सर म्हणाले.

"म्हणलं, माझा बाप माझ्या शिक्षणाच्या पाठीशी उभा हाय."

आबा दोरी आवळत होते, त्यांचा हात थांबला. मग खाली बघतच म्हणाले, "सर, पण ऱ्हाईल कुठं ही?"

"आमच्या घरी. आमच्या मंडळींनी खोली झाडून ठेवलीय."

म्हणजे बघा! सगळं ठरवून आले होते, पण सरळ सांगतील तर शपथ. आबांनी वळकटी खाली काढली, आणि सरांच्या घरी काकूंच्या हातचं खाऊन मी दहावी झाले.

आता मी सोनईच्या शाळेत इंग्रजी शिकवते. काकू वारल्यापासून सर एकटेच. मध्यंतरी पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील." पण हा माणूस कुणाचा हात धरेल तर ना! "सोड, जमतं मला," म्हणत नुसते कॉटवर बसून. बाहेरगावाहून आलेला त्यांचा मुलगा टेकीला आला. मी तीन रविवार डोकं आपटलं. चौथ्या रविवारी मात्र माझं टाळकं सटकलं. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले.

"सपोर्ट," म्हटलं. "वाक्य करा."

सर रागानं बघत राहिले. मग "सपोर्ट मी," असं इंग्रजीतच पुटपुटले आणि हात पुढं केला.

केवढा हलका झाला होता तो हात! मला रडू येत होतं, पण दाखवते कशाला. एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेलो. उंबऱ्याशी धापा टाकत थांबले आणि म्हणाले,

"आता तू कर. आणि आबांचं ते जुनं वाक्य चालणार न्हाई."