कडेच्या घरावरचा जिना

शकुंतलेच्या तोंडाला लागायचं नाही, हे गिरणी कामगारांच्या त्या वसाहतीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सोसायटीचे चेअरमन हिंदुराव यांनी तिलाच कामावर घेतलं. साल चौऱ्याहत्तर. एकेका खोलीत दोन-दोन संसार कोंबलेले, आणि सोलापुरात नवी जागा घेण्याची कुणाची ऐपत नाही. तेव्हा आहे त्याच घरांच्या सपाट छतांवर खोल्या चढवायच्या, असं सोसायटीनं ठरवलं. इंजिनीअर पुण्याहून आला. त्याच्याबरोबर टेप धरून छतं मोजायची, कुठल्या भिंतीला तडा आहे ते विचारत फिरायचं आणि घरोघरच्या बायकांना पटवून संमतीचे अंगठे घ्यायचे, हे शकुंतलेचं काम. कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, मॅट्रिक झालेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. हिंदुरावांना हवी होती तशी बाई मिळाली होती.

शकुंतलेला मात्र पगारापेक्षा खोली हवी होती. ओळीतलं कडेचं घर तिचं. एका खोलीत ती, नवरा रामहरी आणि सासू बजाबाई. मधे आडव्या दोरीवर एक जुनं लुगडं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण नवऱ्याशी मन भरून भांडायचीसुद्धा चोरी! पलीकडून सासू खोकली की रामहरी गप्पगार. वरची खोली झाली की तिला स्वतःचं दार मिळणार होतं, आतून कडी लावता येईल असं. त्या कडीपायी ती चैत्राच्या उन्हात तापलेल्या छतावर टेपचं टोक धरून उभी राहायची आणि हूं की चूं करायची नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका सकाळी इंजिनीअरच्या माणसांनी छतं झाडली आणि घोळ झाला.

प्रत्येक छताच्या मागच्या कोपऱ्यात चार विटा मांडून मधे एक पालथं मडकं ठेवलेलं असायचं. त्याच्या बरोब्बर खाली घरातला देव्हारा. देवाच्या डोक्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून ती जागा अडवायची, हा तिथला रिवाज. उन्हाळ्यात अख्खी वसाहत छतावर झोपायची, कुरडया वाळायच्या, पोरं हुंदडायची, पण विटांच्या आत कुणी पाय टाकत नसे. पुण्याच्या माणसांना काय त्याचं! त्यांनी विटा-मडकी अडगळ म्हणून एका बाजूला सारली आणि नेमक्या त्याच जागी चुन्याचे चौकोन आखले.

"हे कसले चौकोन, साहेब?" शकुंतलेनं विचारलं.

"संडास. सगळे एका रांगेत घेतले, पाइप सरळ खाली उतरतो."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, खाली देव हायेत की!"

"मग देव सरकवायला सांगा," म्हणून तो पुढच्या छतावर गेला.

शकुंतला तडक हिंदुरावांकडे गेली. हिंदुराव पान जुळवत बसले होते. "सूनबाई, एवढं काय त्यात? सांग बायकांना, वर धान्याची कोठी येणार हाय, देवावर कुणाचा पाय पडायचा न्हाय. अंगठे घे. एकदा भिंती चढल्या की कोण काय करतंय?" आणि वर हसून म्हणाले, "तुलाबी खोली पायजेच की न्हाय?"

इथं ती अडकली. खोटं कशाला बोलायचं, तिला मोह पडला. कोठी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दोन अक्षरांचा तर प्रश्न! मनात तेच घोळवत ती अक्कम्माच्या दारात पोचली. अक्कम्मा पहिल्या घरातली, विणकराची विधवा. तिचा अंगठा उठला की सगळी ओळ मागून येणार, हे ठरलेलं. म्हातारीनं सूत गुंडाळायचा रहाट थांबवला आणि अंगठ्याला शाई लावून हात पुढे केला.

"वर काय येतंय ते सांग फकस्त. दुसऱ्या कुणाला इचारत न्हाय मी. तू सांगशील ते खरं."

मेली अशी कशी बोलली! शकुंतलेला तिचा रागच आला.

"संडास," ती म्हणाली. "तुमच्या देवाच्या डोक्यावर. सगळ्यांच्याच."

पुढं जे व्हायचं ते झालं. बायका छतावर चढल्या, विटा परत होत्या तिथं मांडल्या आणि शेजारी मांडी ठोकून बसल्या. शकुंतला त्यांच्यात जाऊन बसली. हिंदुराव धापा टाकत वर आले, मागून नकाशा घेऊन इंजिनीअर.

"काम बंद पाडतीस व्हय? हेच्यासाठी पगार देतो तुला?"

"नका देऊ. संडास पुढच्या अंगाला घ्या, आत्ता अंगठे देत्यात सगळ्या."

इंजिनीअरनं नकाशावर पेन्सिल फिरवली. "घेता येतील. पण मग पुढं जिन्याला जागा उरत नाही. जिना कडेच्या घराच्या दाराशेजारून त्याच्या छतावर चढवावा लागेल. त्या घराला वर खोली मिळणार नाही."

हिंदुरावांचा चेहरा फुलला. "ऐकलंस? कडेचं घर कुणाचं? बोल आता!"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. शकुंतला उठली, चुन्याची बादली उचलली आणि तरातरा स्वतःच्या छतावर गेली.

"कुटं आखू जिना? इथनं की तिथनं?" ती ओरडली. "या की साहेब, टेप धरा!"

रामहरीला कळलं तेव्हा त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. "दुनियेच्या देवासाठी आपली खोली घालवलीस!"

"देवासाठी न्हाय," ती म्हणाली. "त्या म्हातारीला फसवून मिळालेल्या खोलीत मला झोप लागली नसती. तुमाला लागली असती का?" आणि बोलता बोलता ती रडली. लुगड्याच्या पलीकडं बजाबाई सगळं ऐकत होती. काम पुरं होईपर्यंत ती रोज संध्याकाळी बाहेर येऊन जिना कुठवर आला तेवढं बघायची.

जिना पुरा झाला त्या सकाळी बजाबाईनं आपली बाज ओढत बाहेर आणली, जिन्याखाली टाकली, वर वाकळ अंथरली आणि पाय पसरून बसली. हिंदुराव धावत आले. "म्हातारे, ही जागा सोसायटीची हाय. हितं सायकली लागणार."

"लाव की माझ्या अंगावर. न्हायतर उचल मला बाजेसकट."

"तुला आत घर हाय की!"

"ते माझ्या ल्योकाचं आन सुनंचं." म्हातारीनं मान वळवून दारात उभ्या शकुंतलेकडे बघितलं. रामहरीची दुपारची पाळी होती, तो आत चहा पीत होता. "तू काय बघत उभी ऱ्हायलीस गं? आत जा. कडी लाव. मी बघते हेच्याकडं."

शकुंतला आत गेली. तिनं दार ओढून घेतलं आणि भर सकाळी, सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशी, कडी लावली.