भाकरीचं चित्र काढलेल्या पुड्या

कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला कागदाची तिकोनी पुडी करायला शिकवलं. मेलेलं फुलपाखरू पंख मिटून त्यात ठेवतात. ती घडी मी घरी वापरली, आबांच्या गोळ्यांसाठी.

आबा म्हणजे माझे आजोबा. खानदेशातून येऊन चाळीस वर्षं त्यांनी सुरतेत कापडाचा लूम चालवला. आईवडील शहराबाहेर कडोदऱ्याला कारखान्याच्या खोलीत राहतात, रविवारी येतात. सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीत आम्ही दोघंच. आबांना साखर, रक्तदाब, हृदयाचा त्रास, वर मूतखडा. खड्याचे डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. हृदयाचे म्हणाले, दिवसाला एकच लिटर. दोन्ही कागद माझ्या हातात. घरात ते वाचू शकणारी मी एकटी, म्हणून सगळं मलाच कळतं असं सगळ्यांनी धरलं होतं. तिसऱ्या खेपेला धीर करून मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी दीड लिटर लिहून दिलं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी हिमाचलमधल्या डोंगरावर फुलपाखरं मोजायला चौघांना निवडलं. त्यात मी होते. आठ दिवस. घरी आबांना सांगितलं.

आबा हसले. "फुलपाखरं मोजीसन काय भेटस?"

"काहीच नाही."

"मंग जाय. लूमवर धागा मोजीसन मले तरी काय भेटनं?"

म्हणून मी पुड्या केल्या. आबांना वाचता येत नाही. सकाळच्या पुडीवर सूर्य काढला, रात्रीच्या पुडीवर चंद्र. आधी जमतं का पाहू म्हणून चार दिवसांच्या पुड्या डब्यात ठेवल्या आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर आबा भिंतीला टेकून बसलेले, अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. साखर एकदम उतरली होती. मी घाईनं साखरपाणी पाजलं. थोड्या वेळानं ते बोलायला लागले. डब्यात सूर्याच्या दोन पुड्या रिकाम्या होत्या.

"दोन का घेतल्या?"

"मी उठनू तवय सकायच ना?"

दुपारी पत्र्याखाली उकडून ते झोपले होते आणि दिवेलागणीला उठले होते. लूमवर एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आयुष्यातल्या निम्म्या सकाळी त्यांना संध्याकाळीच झाल्या होत्या. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं, तरी सूर्य काढला होता.

मी नाही जात, असं मी म्हणाले. आबांनी पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"सूर्य नको काढू. भाकर काढ. जेवनू का गोळी."

डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले की साखरेची गोळी जेवणासोबतच, उपाशीपोटी नको. मग मी सगळ्या पुड्यांवर भाकरी काढल्या, दिवसाला दोन, अशा सोळा पुड्या. शेजारच्या काकू दोन्ही वेळा ताट आणून देणार होत्या. त्या यवतमाळच्या. म्हणाल्या, "जा वं पोरी, म्हातारा काही पळून नाही जात."

डोंगरावर आम्ही रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनं चालायचो आणि दिसेल ते फुलपाखरू वहीत लिहायचो. मॅडम विद्यार्थिनी असताना याच वाटेवर आल्या होत्या. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपक्यांचं एक फुलपाखरू तेव्हा त्यांना गावाजवळच्या कुरणात दिसायचं. आम्हाला ते तीन दिवस कुठंच दिसलं नाही. चौथ्या दिवशी अगदी माथ्यावर दिसलं, एकच, दगडावर पंख पसरून बसलेलं. मॅडम म्हणाल्या, खाली ऊन वाढलं की ही वर सरकतात.

मी विचारलं, "आणि याच्या वर?"

त्यांनी वहीत वेळ लिहिली. तिथं फोन लागत नव्हता. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्या खोलीत लूमचा आवाज भिंतीतून येतच असतो. खाली आबा काय करत असतील, एवढंच मनात येत राहिलं.

परत आले तेव्हा आबा दारातच बसले होते. वाळले होते, पण बरे होते. आधी डोंगराचं विचारलं. मी त्या फुलपाखराचं सांगितलं.

"एकलंच व्हतं?"

"हो."

मी डबा उघडला. सात पुड्या तशाच घडी घातलेल्या होत्या.

"आबा, गोळ्या नाही घेतल्या?"

"पुडीवर भाकर शे ना? मी जेवनू नई."

काकू ताट रोज आणत होत्या. कित्येकदा आबा ते झाकून ठेवत आणि मग गल्लीतल्या गाईला घालत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, चूक कबूल करावी तसं.

"का पण?"

"एकला माणूसले भूक लागस का?"

मला रागावता आलं नाही. त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं. मी हातपाय धुतले, दोन भाकरी थापल्या आणि दोन ताटं मांडली. आबांनी पहिला घास मोडेपर्यंत मी थांबले. मग एक पुडी उलगडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.