नानाचं वंगण

म्हसावदला बैलांच्या खुरांना औषध लावत होतो, तेव्हा गावाहून सायकलवर माणूस आला. नानाचा ताप डोक्यात गेलाय, लवकर चल, म्हणाला. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. मोटारसायकलला लाथ मारून निघालो, पण गिअरची दांडी पहिल्या घरातून पुढं सरकेना. ओढली, हिसडली, शिव्या घातल्या... शेवटी पहिल्याच घरात रडतखडत आमचं गाव, ब्राह्मणपुरी, गाठलं. वाटेत इंजिन तापून दोनदा बंद पडलं. दारात बायका बसलेल्या दिसल्या आणि काय ते कळलं. नाना नुकताच गेला होता. याला आता सव्वा महिना झाला.

वडील लवकर गेले. नानानं चौथीतून शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी शहाद्याला आणि पुढं शिकलो, गुरांचा डॉक्टर झालो. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. शाळेतल्या मराठीला नाना ‘सरकारी’ म्हणायचा. तलाठी नाहीतर फौजदार तसं बोलू लागला, की हा एवढा बोलका माणूस एकदम मिटून जायचा, ‘हो साहेब’ एवढंच म्हणायचा. त्यांची पाठ वळली की मात्र अशी नक्कल करायचा, की हसण्याच्या नादात वहिनीची भाकरी करपायची.

मोटारसायकल मी बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याकडून जुनी घेतली होती. टाकीच्या उजव्या अंगाला गिअरची लांब दांडी, ती हातानं पुढंमागं करायची. गोमाई नदीच्या वाळूत एकदा उजव्या अंगावर आपटलो, तेव्हापासून ती अडकू लागली. मिस्त्री धुळ्याशिवाय नाही आणि मला सवड नाही. माझी रोजची ओढाताण नानाला बघवेना. एका सकाळी मी आंघोळीला बसलो असताना त्यानं बैलगाडीच्या चाकाचं वंगण, ते एरंडेल आणि राखेचं काळं चिकट, दांडीच्या सांध्यात बोटानं भरलं. “आते देख, लोनीसारखी फिरी,” म्हणाला. चार दिवस फिरलीही बिचारी. मग त्या वंगणात रस्त्याचा फुफाटा बसला, आणि नेमके माझे साहेब मागे बसलेले असताना दांडी अडकली ती अडकलीच. भर उन्हात गाडी ढकलत घरी आणली. नाना लगबगीनं पुढं आला, दांडीला हात घालू लागला. माझं डोकंच फिरलं. साहेबांच्या देखत सख्ख्या भावाला मी शुद्ध मराठीत म्हणालो, “आपण या यंत्राला हात लावत जाऊ नका. ही बैलगाडी नव्हे.”

नानानं हात धोतराला पुसला. “हो साहेब,” म्हणाला.

नक्कल नव्हती ती. त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याशी कापसाचं बोलला, गाईगुरांचं बोलला, माझ्या पोरीच्या लग्नाचंही बोलला, सगळं अहिराणीत, पूर्वीसारखं. पण मी दांडीशी झटू लागलो की मुकाट उठून गोठ्यात जायचा. मी मनाशी म्हणायचो, रुसलाय, येईल ठिकाणावर. थोरल्या भावाची कसली माफी मागायची, घरचाच तर माणूस... अरे मूर्खा, घरच्याचीच आधी मागायची असते!

परवा अंगणात दांडी उघडायला बसलो. वंगण मी केव्हाच रॉकेलनं धुतलं होतं, तरी दोष आपला त्याच्याच माथी. वहिनी उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, वंगणाचं काही नाही भाऊ, आतली सळी वाकलीय, वाळूत पडलात तेव्हाची. मी दांडीशी झटत असताना नाना गोठ्यातून नीट निरखून बघायचा, त्याच्या ध्यानात आलं होतं. दगडावर ठेवून दोन ठोके दिले की झालं, असं तिला कितीदा म्हणाला होता. मग मला का नाही सांगितलं, मी विचारलं. वहिनीनं नानाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“मन्हा भाऊ मन्हासंगे सरकारी बोलना. मंग मी काय सांगू?”

सळी काढली. वाकलेलीच होती. दगडावर ठेवली, दोन ठोके दिले. खरंच, दोनच लागले. आता दांडी एका बोटानं फिरते, पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. म्हसावदहून मी आता बघताबघता घरी पोचतो. रोज सकाळी गाडी काढण्याआधी दांडीपाशी थोडा थांबतो, आणि वहिनी ऐकत असली तरी मोठ्यानं म्हणतो, “नाना, तूच हात लाव आते.”